डक्ट प्लॅनमध्ये बसतो, सीलिंगमध्ये का बसत नाही?

वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

'मी डिप्लोमा मेकॅनिकल आहे. पुण्यात, इमारतींची त्रिमितीय मॉडेलं बनवणाऱ्या एका बिम ऑफिसमध्ये दोन वर्षं रेव्हिट या सॉफ्टवेअरवर डक्टचं, म्हणजे एसीची हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांचं, मॉडेलिंग करतो. सध्या एका ऑफिस इमारतीचा मजला हातात आहे. कन्सल्टंटकडून सिंगल लाइनचं (डक्ट एका रेघेने दाखवलेलं) पीडीएफ येतं, त्यावर साइझ लिहिलेले असतात, त्याप्रमाणे मी प्लॅनमध्ये डक्ट काढतो. काही बदललं की एल्बो (वळणाचे तुकडे) गायब होतात, ऑटो-राउट सापडला नाही असा मेसेज येतो, फ्लो शून्य दिसतो. मागच्या आठवड्यात नेव्हिसवर्क्समध्ये (सगळ्यांची मॉडेलं एकत्र तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) माझ्या डक्टचे ३८० क्लॅश, म्हणजे दुसऱ्या वस्तूंशी टकरी, निघाले. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सिनियर म्हणाले, "हा फक्त डक्ट ओढतो." रेव्हिट साइझ स्वतःच काढून देतं असंही ऐकलं, त्यावर भरवसा ठेवावा का? की दुसरं सॉफ्टवेअर शिकू? — एक वाचक, चिंचवड'

नमस्कार,

तुमच्या पत्रात प्लॅन आहे, पीडीएफ आहे, क्लॅश आहेत. सेक्शनचा, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाचा, उल्लेख मात्र कुठेच नाही. माझ्या मते तुमच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ तिथेच आहे, म्हणून आधी तेच बोलू. सॉफ्टवेअरचं नंतर.

पहिल्यांदा ३८० या आकड्याची भीती घालवा. एक डक्ट चुकीच्या उंचीवर बारा बीममध्ये घुसला की बारा क्लॅश. इन्सुलेशन मॉडेल केलं असेल तर नेव्हिसवर्क्स ते वेगळी वस्तू म्हणून मोजतं, म्हणजे आणखी बारा. शेजारून जाणारा केबल ट्रे त्याच उंचीवर असेल तर अजून काही. यादी भली मोठी दिसते, पण चूक एकच असते, ती म्हणजे उंची. ग्रिड आणि लेव्हलप्रमाणे गट पाडून बघा. ३८० मागे दहा-पंधराच निर्णय निघतील, आणि त्यातले निम्मे तुमच्या हातातले नसतील.

आता मजल्यावरची सगळ्यात अडचणीची जागा शोधा. बहुधा ती एएचयू (हवा थंड करून डक्टमध्ये ढकलणारं यंत्र) रूममधून बाहेर पडल्यावर पॅसेजमध्ये, सगळ्यात खोल बीमखाली असते. तिथे एकही डक्ट काढायच्या आधी सेक्शन घ्या आणि हिशेब करा. तुमच्या इमारतीचे आकडे पत्रात नाहीत, म्हणून मी नेहमीचे धरतो. स्लॅबच्या माथ्यापासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत ३९०० मिलिमीटर. बीम ६०० खोल, त्यात स्लॅबची १५० जाडी आली. फ्लोअरिंग ७५. फॉल्स सीलिंग तयार फरशीपासून २७०० वर. बीमच्या तळापासून सीलिंगपर्यंत उरतात ५२५. त्यातले १०० सीलिंगचा सांगाडा आणि लाइट खाणार. राहिले ४२५.

पीडीएफवर लिहिलंय ६०० बाय ४००. ४२५ मध्ये ४०० बसला. इन्सुलेशन लावलेलं नसेल तर मॉडेलमध्ये क्लॅशसुद्धा येत नाही.

पण साइटवर येणारा डक्ट ४०० चा नसतो. साधारण दर सव्वा मीटरला जोड असतो आणि तिथली फ्लेंज प्रत्येक बाजूला ३५ मिलिमीटरच्या आसपास बाहेर येते. २५ चं इन्सुलेशन त्यातच धरू. खाली सपोर्टचा अँगल ४० चा. म्हणजे ४२५ मधून वरचे ३५, खालचे ३५ आणि अँगलचे ४० वजा करा. पत्र्याला प्रत्यक्षात मिळतात ३१५. रेव्हिटमधला नेहमीचा डक्ट म्हणजे गुळगुळीत पेटी. फ्लेंज, रॉड, अँगल त्याला माहीत नसतात. ते तुम्हालाच माहीत असावे लागतात. म्हणून नेव्हिसवर्क्समध्ये नुसती हार्ड क्लॅश टेस्ट लावू नका, क्लिअरन्सची टेस्टही लावा. ५० मिलिमीटर ठेवा, तरच खरं काय ते दिसेल.

तर ४०० खोलीचा डक्ट इथे जात नाही. मग किती खोलीचा जातो? इथे पुष्कळ मॉडेलर एक चूक करतात. ६०० गुणिले ४०० म्हणजे अमुक क्षेत्रफळ, तेवढंच ठेवायचं म्हणून खोली २५० केली की रुंदी ९६०, आणि बदलून मोकळे होतात. क्षेत्रफळ सारखं राहिलं तरी घर्षण सारखं राहत नाही. चपट्या डक्टमध्ये हवेला पत्रा जास्त घासतो. तुलना करायची ती समतुल्य व्यासाची, म्हणजे तेवढंच घर्षण देणाऱ्या गोल डक्टच्या व्यासाची. ६०० बाय ४०० चा समतुल्य व्यास सुमारे ५३३ मिलिमीटर येतो. तेवढाच व्यास हवा असेल तर २५० खोलीला रुंदी ११०० लागते आणि ३०० खोलीला ८५०. दर मीटरला ०.८ पास्कल घर्षण धरलं तर या तिन्हीतून साधारण ३००० सीएफएम (मिनिटाला घनफूट), म्हणजे सेकंदाला १४१६ लिटर हवा जाते.

आता तिन्ही शेजारी ठेवून बघा. मूळ डक्टचा परिघ २००० मिलिमीटर, ८५० बाय ३०० चा २३००, आणि ११०० बाय २५० चा २७००. म्हणजे शेवटच्यात मीटरमागे ३५ टक्के पत्रा आणि तितकंच इन्सुलेशन जास्त. रुंद बाजू वाढली की गेजही जाड घ्यावा लागू शकतो. शिवाय रुंदी खोलीच्या चौपटीपेक्षा जास्त होऊ देऊ नये असा आपल्या धंद्यातला साधा नियम आहे, तोही इथे मोडतो. उलट ३०० चा डक्ट ३१५ मध्ये बसवायचा म्हणजे हाताशी राहिले १५ मिलिमीटर. आपल्याकडे शटरिंग काढल्यावर बीमचा तळ किती सरळ निघतो हे ज्यानं पाहिलंय तो १५ मिलिमीटरवर सही करणार नाही.

मग पर्याय काय? पॅसेजमधलं सीलिंग ५० ने खाली घ्यायचं, किंवा हवा दोन डक्टमध्ये वाटून दोन वाटांनी न्यायची, किंवा ११०० चा खर्च मान्य करायचा. यातलं काय करायचं हे तुम्ही ठरवायचं नाही. पहिला निर्णय आर्किटेक्टचा, दुसरा कन्सल्टंटचा, तिसरा पैसे देणाऱ्याचा. पण हा प्रश्न त्यांच्यासमोर आहे हे त्यांना दाखवायचं काम तुमचं. बीमचा तळ, सीलिंगची रेघ, मधले आकडे आणि तीन पर्याय, एवढं एका पानावरच्या सेक्शनमध्ये मांडून पाठवा. '३८० क्लॅश आहेत' या ई-मेलला कोणी उत्तर देत नाही. 'ग्रिड सी आणि डीच्या मध्ये ४०० चा डक्ट बसत नाही, खालीलपैकी काय करू?' याला त्याच दिवशी उत्तर येतं, आणि पुढे वाद झालाच तर तो कागद तुमच्या बाजूने उभा राहतो.

एक गोष्ट मात्र करू नका. कन्सल्टंटचा साइझ गुपचूप बदलू नका, आकडा कितीही बरोबर असला तरी. जबाबदारी त्यांची आहे. बदल लेखी मागायचा आणि तो आल्यावरच मॉडेलमध्ये करायचा.

उंचीचंच आणखी एक. बीमखाली जागा नसली तरी दोन बीमच्या मधल्या खणात असते. वरच्या हिशेबात तो खण ४५० खोल आहे. टॉयलेटचा एक्झॉस्ट किंवा ताज्या हवेचा छोटा डक्ट सप्लायच्या मुख्य डक्टला छेदणार असेल, तर ते छेदणं बीमखाली कधीच होऊ देऊ नका. छोट्याला आधीच्या खणात वर चढवा, तिथेच आडवा जाऊ द्या. हे एक्झॉस्ट डक्ट लहान म्हणून सगळे शेवटी काढतात आणि मग शाफ्टपर्यंत पोचायला वाटच उरत नाही. ते आधी काढा. ड्रेनेजचे आणि कंडेन्सेटचे पाइप तर त्यांच्याही आधी, कारण ते उताराने जातात. १०० मीटरला एक मीटर उतार म्हटला तरी २० मीटरच्या पाइपला २०० मिलिमीटर लागतात, आणि पाण्याशी वाद घालता येत नाही. त्यानंतर मोठे डक्ट, मग स्प्रिंकलर, आणि केबल ट्रे सगळ्यात शेवटी. केबल वळते. इलेक्ट्रिकलवाल्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण बहुतेक ठिकाणी क्रम साधारण हाच असतो.

आता रेव्हिट.

तुमचे एल्बो गायब होतात आणि ऑटो-राउट सापडला नाही असा मेसेज येतो, याचं मला दिसणारं मोठं कारण रुंदी. रेडियस एल्बोची त्रिज्या डक्टच्या रुंदीच्या पटीत ठरते. दीडपट ठेवली असेल तर ११०० रुंदीच्या डक्टला मध्यरेषेवर १६५० मिलिमीटरची वळणत्रिज्या लागते. १८०० च्या पॅसेजमध्ये ती येईल कुठून? तिथे आत व्हेन (हवा वळवणाऱ्या पट्ट्या) असलेला काटकोनी एल्बो वापरावा लागतो, आणि तो रूटिंग प्रेफरन्सेसमध्ये (कुठे कोणतं फिटिंग बसवायचं त्या यादीत) भरलेला नसेल तर रेव्हिट बिचारं शोधत बसतं आणि शेवटी हात वर करतं. तीच गोष्ट दोन डक्टच्या उंचीत थोडा फरक असला की होते. ३०० चा डक्ट ८० मिलिमीटर वर न्यायचा असेल तर मध्ये दोन एल्बो बसायला लांबी हवी. नसेल तर ऑटो-राउट सापडला नाही म्हणून सांगतं. मेसेज सॉफ्टवेअरचा असतो, पण बहुतेक वेळा डक्टवाल्यालाही तो तुकडा पत्र्यात करता आला नसता. हा मेसेज आला की आधी स्वतःला विचारा: हे वर्कशॉपमध्ये कसं बनवतील? उत्तर नसेल तर वाट बदला.

कामाला लागण्याआधी डक्टच्या टाइपमध्ये जाऊन रूटिंग प्रेफरन्सेस एकदा नीट भरा. जंक्शनला टी हवी की टॅप, हे कॉन्ट्रॅक्टर कसं बनवतो त्यावर ठरवा. आपल्याकडे फांदी बहुधा शू किंवा कॉलर लावून काढतात, तेव्हा टॅप ठेवणं बरं. टी मुख्य डक्टचे दोन तुकडे करते आणि साइझ बदलला की तिथे गोंधळ होतो. टॅप मुख्य डक्ट अखंड ठेवतो. तुमच्या 'काही बदललं की तुटतं' या तक्रारीतला बराच भाग एवढ्यानेच संपेल. कन्सल्टंटकडून साइझ पक्के व्हायच्या आधी तर खरा डक्ट काढूच नका. डक्ट प्लेसहोल्डर वापरा. तो एका रेघेचा असतो, त्यात साइझ असतो, आणि पक्कं झालं की त्याचाच डक्ट करता येतो.

डक्ट काढताना व्हर्टिकल जस्टिफिकेशन बॉटम ठेवून बघा. मध्यरेषा धरून काढलात तर साइझ बदलला की तळ हलतो, आणि साइटवर सपोर्ट लावणारा माणूस तळच मोजतो. तळ सारखा राहिला तर हँगरचे रॉडही एका मापाचे कापता येतात.

फ्लो शून्य दिसतो त्याचं कारण जवळपास नेहमी तुटलेली जोडणी. डोळ्याला डक्ट चिकटलेला दिसतो, पण कनेक्टर जोडलेला नसतो. एफ-९ दाबून सिस्टिम ब्राउझर उघडा. 'अनअसाइन्ड'खाली डिफ्यूझरांची (सीलिंगमधल्या हवेच्या जाळ्यांची) रांग लागलेली दिसेल. ॲनालाइझ टॅबमध्ये 'शो डिसकनेक्ट्स' चालू करा, जिथे जोड सुटलाय तिथे खुणा येतात. माझी आवडती युक्ती त्याहून सोपी आहे. एएचयूजवळच्या डक्टवर कर्सर नेऊन नुसता टॅब दाबत जा. आधी तो तुकडा, मग ती फांदी, मग जोडलेलं सगळं जाळं उजळतं. जिथे उजेड थांबला तिथे सांधा तुटलाय. जोडण्या नीट असूनही एएचयूवर शून्य असेल, तर त्याच्या फॅमिलीतला (रेव्हिटमधल्या तयार घटकातला) कनेक्टर बघा. फ्लो कॉन्फिगरेशन 'कॅल्क्युलेटेड' असेल तरच खालच्या डिफ्यूझरांची बेरीज वर पोचते. 'प्रीसेट' असेल तर तिथे लिहिलेला आकडाच बसून राहतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या फॅमिलीत हे हमखास घोळाचं असतं.

डिफ्यूझर आर्किटेक्टच्या लिंकमधल्या सीलिंगला चिकटवले असतील तर त्यांनी सीलिंग पुसून नवं काढलं की तुमचे डिफ्यूझर अनाथ होतात. आर्किटेक्ट सीलिंग बदलणारच, तो त्यांचा हक्क आहे. सीलिंगच्या उंचीवर स्वतःची रेफरन्स प्लेन घेऊन तिच्यावर डिफ्यूझर ठेवा. अनाथ झालेच असतील तर 'रीकन्साइल होस्टिंग'मध्ये त्यांची यादी मिळते. आणि डिफ्यूझरपर्यंतचा फ्लेक्झिबल डक्ट दीड मीटरच्या आत ठेवा. मॉडेलमध्ये चार मीटरचा नागमोडी फ्लेक्स झकास दिसतो, पण त्यातून हवा झकास जात नाही.

भरवशाचा प्रश्न. हो, रेव्हिट साइझ काढतं. वेग धरून, घर्षण धरून, इक्वल फ्रिक्शनने आणि स्टॅटिक रिगेननेही. उंचीवर बंधनही घालता येतं, म्हणजे '३०० च्या वर जाऊ नको' असं सांगता येतं. ते वापरायला शिका, कारण कन्सल्टंटचा आकडा पडताळायला ते उत्तम आहे. पण ते जे सांगेल ते कशाच्या जोरावर सांगतंय ते बघा. फिटिंगची लॉस मेथड (तिथे दाब किती घटतो ते काढायची पद्धत) ठरवलेलीच नसेल तर एल्बोचा प्रेशर ड्रॉप शून्य धरला जातो, आणि तुम्हाला वाटतं पंखा छोटाही चालेल. मेकॅनिकल सेटिंग्जमधली हवेची घनता समुद्रसपाटीची असते. पुणे ५६० मीटरच्या आसपास, म्हणजे हवा सहाएक टक्के विरळ. ऑफिसच्या मजल्यावर त्याने आभाळ कोसळत नाही, पण पंखा निवडणाऱ्याला ते माहीत हवं. शेवटी रेव्हिटने १०३७ बाय २८८ असा काही साइझ दिला तर तो वर्कशॉपला धाडू नका. साइझच्या यादीत ५० च्या पटीतलेच आकडे ठेवा.

डॅम्परबद्दल पत्रात काही नाही, पण तुमच्या मॉडेलमध्येही नसावं अशी मला शंका आहे. फायर रेटेड भिंत किंवा शाफ्ट ओलांडताना फायर डॅम्पर येतो आणि त्याला हात घालायला जागा लागते, खाली सीलिंगमध्ये ट्रॅपडोअरही लागतो. व्हॉल्यूम कंट्रोल डॅम्परचा दांडा फिरवायलाही माणसाचा हात तिथे पोचला पाहिजे. फॅमिलीमध्येच ती मोकळी जागा एका पारदर्शक ठोकळ्याने दाखवा, म्हणजे त्यात कोणी पाइप घातला की क्लॅश येईल.

दुसरं सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर खुशाल शिका, पण या कारणासाठी नको. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ६०० चा बीम ६०० चाच राहणार. त्यापेक्षा मालकांकडून परवानगी काढून एखाद्या शनिवारी डक्टच्या वर्कशॉपमध्ये जा. भोसरी-चाकण पट्ट्यात जवळच सापडेल. कॉइलमधून पत्रा कसा सुटतो, फ्लेंज कशी वळते, ट्रान्झिशनला किती लांबी लागते, ते उभं राहून बघा आणि टेप लावून मोजा. दुसऱ्या शनिवारी तुमच्याच एखाद्या जुन्या प्रोजेक्टची साइट, सीलिंग बंद व्हायच्या आधी. मग आयएस ६५५, म्हणजे धातूच्या एअर डक्टचं भारतीय मानक, आणि स्मॅक्ना या अमेरिकेतल्या डक्ट कंत्राटदारांच्या संघटनेची डक्टविषयीची पुस्तकं चाळा. आधी साइट पाहिली असेल तर ती पुस्तकं वाचली जातात, नाहीतर झोप येते. इश्रे या वातानुकूलन इंजिनिअरांच्या भारतीय संस्थेचा पुण्यात चॅप्टर आहे, त्यांच्या कार्यक्रमांना जात राहा. तिथे कन्सल्टंट, कॉन्ट्रॅक्टर आणि पंखे विकणारे एकाच टेबलावर भेटतात, आणि चहाच्या वेळी जे ऐकायला मिळतं ते कोर्समध्ये मिळत नाही.

सिनियरांचं म्हणाल, तर चारचौघांत बोलायला नको होतं. त्यांना आकडा दिसला, कारण दिसलं नाही, आणि कारण शोधून द्यायला त्यांनीही मदत केलेली दिसत नाही. पण त्यावर त्यांच्याशी बोलत बसू नका. पुढच्या मीटिंगच्या आदल्या दिवशी पॅसेजचा तो सेक्शन घेऊन त्यांच्या टेबलाशी जा. 'सर, मला वाटतं बरेच क्लॅश या एका जागेमुळे आहेत, कन्सल्टंटला पाठवण्याआधी तुम्ही एकदा बघाल का?' इतकंच म्हणा. ते आकडे तपासतील, एखाददुसरा खोडतीलही. सीलिंगच्या सांगाड्याला १०० पुरत नाहीत, १२० धरा म्हणतील. धरा. मग उरतील २९५. ३०० चा पर्याय तिथेच बाद होईल, आणि मीटिंगमध्ये आर्किटेक्टला ५० मिलिमीटर मागायला तुमच्याबरोबर सिनियरही असतील.